रडगाणं नाचायला लागतं तेव्हा : जंप ब्लूज कसा ऐकावा

१९४६ साली अमेरिकेतल्या ज्यूकबॉक्सवर एका गाण्याने धुमाकूळ घातला होता. लुई जॉर्डनचं ‘चू चू चबूगी’. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या, कृष्णवर्णीय श्रोत्यांची पसंती मोजणाऱ्या यादीत ते तब्बल १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. आज लावलंत तरी दहा सेकंदांत पाय हलायला लागतो. आगगाडीच्या प्रवासाची काहीतरी गंमत चालली आहे असं वाटतं. मग कधीतरी शब्दांकडे लक्ष जातं. गाण्यातला माणूस शहरात उतरलाय, खिसा रिकामा आहे. सकाळचा पेपर उचलून तो नोकरीच्या जाहिराती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. जागा एकच, तीही काहीतरी खास कसब अंगी असलेल्या माणसासाठी. पेपर होता तिथे ठेवून स्वारी पुन्हा रुळांच्या दिशेने निघते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि काम शोधणाऱ्या सैनिकांची रीघ लागली होती, हे लक्षात घेतलं की हे बेकारीचं गाणं आहे हे उमजतं.

ब्लूज म्हणजे दुःखाचं संगीत, असं आपण ऐकत आलेलो असतो. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातला एकटा माणूस, त्याची गिटार, तुटलेलं प्रेम. ते खोटं नाही. पण १९४० ते १९५५ च्या सुमारास याच ब्लूजची एक धाकटी पाती शहरात वाढली, जिला जंप ब्लूज म्हणतात. तिच्यात दुःख शब्दांत शाबूत असतं, फक्त ताल त्याचं काही एक ऐकत नाही. ही दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली ऐकू यायला लागली की या संगीताची खरी लज्जत कळते. त्यासाठी पाश्चात्त्य संगीताची शाळा लागत नाही. आपल्याकडचा तालाचा कान असला तर बरंचसं काम आधीच झालेलं असतं.

आधी सांगाडा पाहू. ब्लूजचं एक आवर्तन बहुधा १२ विभागांचं असतं आणि प्रत्येक विभागात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. हे आवर्तन गाणं संपेपर्यंत तसंच फिरत राहतं. मुखडा-अंतरा असा भेद असेलच असं नाही. या १२ विभागांत खालचे आधारस्वर ठरलेल्या जागी बदलतात. पहिले चार विभाग षड्जावर, पुढचे दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर, नववा पंचमावर, दहावा कधी पंचमावरच तर कधी मध्यमावर, आणि शेवटचे दोन परत घरी, षड्जावर. मध्यमावर गेलं की गाण्याला जरा उचल मिळते आणि पंचमावर ताण येतो. चार-पाच आवर्तनं ऐकल्यावर कान हे आपोआप ओळखू लागतो, मोजावं लागत नाही.

शब्दांची रचनाही याच मापाची. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. मराठीत केली तर साधारण अशी होईल:

घरमालक दारात उभा, खिशात नाही दमडी,
अहो, घरमालक दारात उभा, खिशात नाही दमडी,
तरी शनिवारी रात्री शिजते आमच्याकडे कोंबडी!

प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार विभाग येतात, पण गायक त्यातले जेमतेम अडीच वापरतो. उरलेली जागा रिकामी सोडलेली नसते. तिथे सॅक्सोफोन किंवा गिटार गायकाला उत्तर देते, कधी दुजोरा, कधी टोमणा. ओळ दोनदा म्हणण्याचं कारणही मजेशीर आहे. पहिल्यांदा ऐकताना ती माहिती असते, दुसऱ्यांदा ऐकताना खालचा स्वर मध्यमावर गेलेला असतो, त्यामुळे तेच शब्द जरा वेगळे लागतात आणि तिसरी ओळ कशी येणार याची उत्सुकता ताणली जाते. विनोद सांगणाऱ्याला याहून सोयीचा साचा मिळणार नाही. जंप ब्लूजवाल्यांनी तो पुरेपूर वापरला.

आता स्विंग. एका मात्रेचे दोन भाग केले तर सरळ चालीत ते सारखे असतात. स्विंगमध्ये पहिला भाग लांबतो आणि दुसरा आखडतो, साधारण दोनास एक या प्रमाणात. ओ. पी. नय्यर यांच्या टांग्याच्या गाण्यांमधली घोड्याची टापटूप आठवा, ती याच घराण्यातली. हे प्रमाण काटेकोर नसतं. लय वाढली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात, संथ झाली की लांबट भाग आणखी ऐटीत ओढला जातो. चांगला ड्रमर यात दर क्षणी बारीकसारीक फेरफार करत असतो, म्हणूनच संगणकावर हा ठेका तंतोतंत बसवला की निर्जीव वाटतो. खाली बास, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य, वाजवणारा दर मात्रेला एक स्वर टाकत चालत राहतो. पियानोवाल्याचा डावा हात बूगीवूगीची गिरणी चालवतो: चार मात्रांत आठ ठोके, न थकता.

इथे आपल्या कानाला एक छोटी सवय मोडावी लागते. आपण समेवर टाळी देतो. या संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर टाळ्या वाजवल्या तर गाणं एकदम लेझीमच्या कवायतीसारखं चालू लागतं. वायनोनी हॅरिसचं ‘गुड रॉकिन टुनाइट’ लावा. त्यात टाळ्या रेकॉर्डमध्येच आहेत. त्यांच्यासोबत टाळी दिली की काही मिनिटांत हात आपोआप जागेवर येतो. (या गाण्याची कुंडलीही ऐकण्यासारखी. रॉय ब्राउनने ते लिहून हॅरिसला देऊ केलं, हॅरिसने नाकारलं. ब्राउनने १९४७ मध्ये स्वतःच ध्वनिमुद्रित केलं. ते चालतंय असं दिसल्यावर हॅरिसने घाईघाईने आपली आवृत्ती काढली आणि १९४८ मध्ये ब्राउनच्या वर गेला.)

स्वरांच्या बाबतीत मात्र आपण फायद्यात आहोत. ब्लूजचा गंधार हा कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी राहतो आणि ओळीगणिक हलतो. श्रुतींची सवय असलेल्या कानाला यात नवल नाही. पियानोवर मधली पट्टीच नसते, म्हणून पियानोवाले कोमल गंधारावरून शुद्धावर बोट घसरवतात किंवा दोन्ही पट्ट्या एकदम दाबतात. त्या ओबडधोबड आवाजातच ब्लूजचा रंग आहे. दुसरी गंमत कोमल निषादाची. शुद्ध गंधाराच्या जोडीला कोमल निषाद असलेला स्वरसमूह युरोपीय संगीतात अस्वस्थ मानला जातो, त्याला पुढच्या स्वरावर जाऊन सुटका हवी असते. ब्लूजमध्ये घरी परतल्यावरसुद्धा तोच वाजतो. म्हणजे विश्रांतीच्या जागीही थोडी कुरकुर कायम. आनंदी गाणं पूर्णपणे निश्चिंत का वाटत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

हे संगीत जन्मलं कसं, हा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो, कारण त्यात कलेपेक्षा हिशेब जास्त आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत स्विंगचे मोठे वाद्यवृंद होते, पंधरा-सोळा वादकांचे. युद्ध आलं आणि वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायरचं रेशनिंग झाल्याने बसमधून गावोगाव फिरणं मुश्कील झालं. १९४४ मध्ये सरकारने नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर बसवला, तो काही महिन्यांत २० टक्क्यांवर आणला तरी मालकांचं कंबरडं मोडायचं ते मोडलंच. त्याआधी ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार टाकला होता. भरीला रेकॉर्डचा कच्चा माल आटला. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या बनत, ती लाख मुख्यतः आपल्या भारतातून जाई, आणि युद्धात जहाजांची ती वाट धोक्याची झाली. अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर बंधनं घातली.

दुसऱ्या बाजूला पैसा येत होता. जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेद करायला मनाई करणारा आदेश काढला. टेक्सास, लुइझियानाकडची कृष्णवर्णीय कुटुंबं लॉस एंजेलिस आणि ओकलंडच्या गोद्यांत, विमानांच्या कारखान्यांत कामाला आली. आठवडाभर घाम गाळलेल्या माणसाच्या हातात शनिवारी पगार होता आणि त्याला नाचायचं होतं. सोळा जणांचा ताफा परवडत नव्हता, पण सहा-सात जणांनी तेवढाच दणका दिला तर? जंप ब्लूज म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. दोन-तीन भोंगेवाले (म्हणजे सॅक्सोफोन-ट्रंपेट फुंकणारे), पियानो, बास, ड्रम, जमल्यास विजेची गिटार, आणि पुढे घसा फोडून गाणारा एक गडी.

घसा फोडून गाण्याची परंपरा कॅन्सस सिटीची. तिथे टॉम पेंडरगास्ट नावाच्या राजकीय पुढाऱ्याचं राज्य होतं. दारूबंदीच्या काळातही क्लब रात्रभर उघडे, आणि त्यामुळे संगीतकारांना काम भरपूर. (१९३९ मध्ये करचुकवेगिरीसाठी हे गृहस्थ तुरुंगात गेले.) बिग जो टर्नर तिथे बारमध्ये दारू ओतता ओतता गायचा. मायक्रोफोनची त्याला गरज नव्हती. त्याचा जोडीदार पियानोवादक पीट जॉन्सन. डिसेंबर १९३८ मध्ये दोघं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आले आणि बूगीवूगीचं वेड देशभर पसरलं. काउंट बेसीचा वाद्यवृंदही याच गावच्या पाण्यावर वाढला. तिथली खासियत म्हणजे रिफ: चार-सहा स्वरांचा एक छोटा तुकडा, भोंगेवाले तो पुन्हा पुन्हा वाजवतात, कागदावर काही लिहिलेलं नसतं. सहा माणसांचा ताफा सोळांसारखा वाटतो तो या रिफमुळे.

आणि मग लुई जॉर्डन. १९०८ मध्ये आर्कान्सामधल्या ब्रिंकली गावी जन्म, वडील संगीत शिकवणारे. चिक वेबच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात तो सॅक्सोफोन वाजवायचा, तेव्हा तिथे एला फिट्झजेराल्ड गात होती. १९३८ मध्ये बाहेर पडून त्याने आपला ताफा काढला, टिंपनी फाइव्ह. नाव पाचाचं, माणसं पुष्कळदा सहा-सात. जॉर्डनला गाणं विनोदी करता यायचं, पण तो विदूषक नव्हता. ताफ्याकडून कसून तालीम करून घ्यायचा, कपडे एकसारखे, प्रत्येक थांबा सुरीने कापल्यासारखा. १९४४ मध्ये त्याचं ‘जी. आय. जाइव्ह’ गोऱ्या श्रोत्यांच्या यादीतही पहिलं आलं. वर्णभेदाच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. दक्षिणेत नाचाच्या सभागृहात मधोमध दोर बांधून गोरे-काळे वेगळे केले जात.

त्याचं ‘सॅटरडे नाइट फिश फ्राय’ (१९४९) हे माझ्या मते या संपूर्ण प्रकाराचं शिखर. न्यू ऑर्लिन्सच्या रॅम्पार्ट स्ट्रीटवर मासे तळण्याची मेजवानी रंगात आली आहे, तेवढ्यात पोलिसांची धाड पडते. पळापळ, मारहाण, आणि निवेदक थेट कोठडीत. गाणं इतकं लांब की तबकडीच्या दोन्ही बाजूंना विभागावं लागलं. ऐकताना हसू येतं. त्या काळच्या कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसांच्या धाडीचा अर्थ काय होता, हे आठवलं की ते हसू घशात जरा अडकतं. जॉर्डन कुठेही थांबून समजावत नाही, आवाज चढवत नाही. पोट धरून हसणाऱ्या माणसासमोर तो सगळा मामला ठेवतो आणि पुढचं आवर्तन सुरू करतो.

व्यवहारात मात्र हा हुशार माणूस एकदा फसला. ‘कॅल्डोनिया’ (१९४५) या गाण्याच्या श्रेयात त्याने आपल्या तेव्हाच्या बायकोचं, फ्लीसी मूरचं नाव घातलं. कारण सोपं होतं: त्याच्या नावावर असलेला प्रकाशकाचा करार चुकवायचा होता. पुढे काडीमोड झाला आणि हक्क तिच्याकडेच राहिले.

एका तबकडीत साधारण तीन मिनिटं मावत. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर ४८ मात्रांचं एक आवर्तन १८ सेकंदांत संपतं, म्हणजे तीन मिनिटांत दहा आवर्तनं. एवढ्यात सुरुवात, चार-पाच कडवी, सॅक्सोफोनची दोन आवर्तनं आणि शेवट, सगळं बसवायचं. पाल्हाळाला जागाच नाही. आजच्या ब्लूज मैफलींत गिटारवाला दहा-दहा मिनिटं एकटाच बोटं पळवतो, तेव्हा मला या तीन मिनिटांच्या शिस्तीची आठवण येते.

सॅक्सोफोनचीही एक वेगळी जत्रा झाली. मे १९४२ मध्ये लायोनेल हॅम्पटनच्या ‘फ्लाइंग होम’ मध्ये १९ वर्षांच्या इलिनॉय जॅकेने टेनर सॅक्सोफोनवर असा काही आरडाओरडा केला की पुढची दहा वर्षं प्रत्येक टेनरवाल्याला तेच करावं लागलं. एकच स्वर धरून हॉर्नसारखा वाजवत राहायचा, श्रोते वेडे होईपर्यंत. बिग जे मॅकनीली तर रंगमंचावर उताणा पडून वाजवायचा. रेकॉर्डवर हे प्रकार मला दोन गाण्यांनंतर कंटाळवाणे होतात. प्रत्यक्ष सभागृहात गोष्ट निराळी असणार.

गिटारकडे वळलो की टी-बोन वॉकर. टेक्सासचा, जन्म १९१०. लहानपणी डॅलसच्या रस्त्यांवर तो अंध गायक ब्लाइंड लेमन जेफर्सनचा हात धरून त्याला फिरवायचा. विजेची गिटार सॅक्सोफोनसारखी, एकेक स्वर गुंफत वाजवता येते हे त्याने दाखवलं. गिटार डोक्यामागे धरून वाजवणं, वाजवता वाजवता पाय फाकून जमिनीवर बसणं, हे चाळे पुढे चक बेरी आणि जिमी हेंड्रिक्समुळे गाजले, पण मूळ याचं. ‘टी-बोन शफल’ ऐका. तिथे एकही स्वर घाईत नाही, आणि तरीही बसून राहवत नाही.

बायकांची नावं या इतिहासात मागे पडतात, ते बरोबर नाही. रॉय मिल्टनच्या सॉलिड सेंडर्स ताफ्याचा कणा होती पियानोवादक कॅमिल हॉवर्ड. १९४७ च्या अखेरीस तिने ध्वनिमुद्रित केलेली ‘एक्स-टेंपोरेनियस बूगी’ ऐकली की डाव्या हाताची ताकद म्हणजे काय ते कळतं. रूथ ब्राउनचं ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ (१९५०) हेही अश्रूंचं गाणं, पण उड्या मारणारं. तिच्या गाण्यांवर अटलांटिक ही रेकॉर्ड कंपनी मोठी झाली. पुढे दिवस फिरले तेव्हा तिने घरकामं केली, शाळेची बस चालवली, आणि नंतर मानधनाच्या थकबाकीसाठी वर्षानुवर्षं भांडली. त्या भांडणातून १९८८ मध्ये जुन्या कलाकारांना मदत करणारी ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभी राहिली.

मग हे संगीत गेलं कुठे? फार लांब नाही. जॉर्डनच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण करणारा निर्माता मिल्ट गॅब्लर १९५४ मध्ये बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ करत होता, आणि जॉर्डनचे रिफ स्वतः गुणगुणून हेलीच्या वादकांना शिकवत होता. बिग जो टर्नरचं ‘शेक, रॅटल अँड रोल’ त्याच वर्षी हेलीने शब्द सोवळे करून पुन्हा गायलं. चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’ ची सुरुवातीची ती जगप्रसिद्ध गिटार? जॉर्डनच्या १९४६ च्या ‘एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ मध्ये कार्ल होगनने ती वाजवून ठेवली होती. दोन्ही लागोपाठ लावून पाहा. रॉक अँड रोल एका रात्रीत अवतरलं, या समजुतीचं काय होतं ते कळेल.

मुंबईचा धागाही खरा आहे, जरी तो थेट जंप ब्लूजपेक्षा त्याच्या थोरल्या भावंडाशी, स्विंगशी, जोडलेला आहे. १९३५ मध्ये लिओन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांच्या संगतीत गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचा ट्रंपेटवादक आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यातलाच. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, आपल्या सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरलं आणि ‘अलबेला’ (१९५१) मध्ये भगवानदादांच्या पायांना तो भोंग्यांचा दणका मिळाला. हिंदी सिनेमातल्या नाचऱ्या गाण्यांवर वाढलेल्या मराठी कानाला लुई जॉर्डन परका वाटत नाही, याचं एक कारण हे असावं.

पुढच्या पिढ्यांनी हा प्रकार अधूनमधून जागवला. १९६७ मध्ये ऱ्होड आयलंडला सुरू झालेला रूमफुल ऑफ ब्लूज हा ताफा मला त्यातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, भोंगे आणि गिटार एकमेकांना जागा देतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्विंगची पुन्हा लाट आली, ब्रायन सेट्झरच्या वाद्यवृंदाने ‘जंप, जाइव्ह अँड वेल’ वर ग्रॅमीही मिळवलं. वाजवणारे तयारीचे होते, पण त्यातल्या बऱ्याच ताफ्यांत टोप्या, रुंद पँटी आणि वेग एवढंच उरलं. वेग म्हणजे स्विंग नव्हे. टी-बोन वॉकर अर्ध्या वेगात जास्त हलवतो. आपल्याकडे २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरत आलेला महिंद्रा ब्लूज महोत्सव ऐकायला जाणाऱ्यांनी गिटारइतकंच ड्रम आणि बासकडेही कान द्यावेत.

सुरुवात करायची तर ‘चू चू चबूगी’ तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त बास ऐका, तो कुठेही थांबत नाही. दुसऱ्यांदा गायक श्वास घेतो त्या जागांवर भोंगे काय म्हणतात ते ऐका. तिसऱ्यांदा शब्द. जॉर्डनच्या गाण्यांचे त्या काळी यंत्रात नाणं टाकून पाहायचे छोटे चित्रपट निघत, साउंडी म्हणत त्यांना, त्यातले बरेच आता इंटरनेटवर सापडतात. त्यात त्याचे डोळे पाहण्यासारखे आहेत: गाताना चेहराभर हसू, आणि एकीकडे नजर ड्रमरवर, ठरलेला थांबा तो बरोबर घेतोय ना यावर.